चुकांची साक्ष

जुन्या पोथ्यांचा ज्यांना नाद आहे, त्यांना नकलकाराची चूक ही केवढ्या मोलाची वस्तू असते, हे सांगावयास नको. छापखाने येण्यापूर्वी एक पोथी पाहून दुसरी, दुसरी पाहून तिसरी अशा नकला उतरत असत. बोरू चालविणारा शेवटी माणूसच. दिवा मंद, डोळे थकलेले. कुठे एखादी मात्रा गळे, कुठे एक ओळ दोनदा पडे, कुठे ‘च’ चा ‘व’ होई. पुढचा नकलकार ती चूक इमानाने उतरवून घेई आणि आपल्या पदरची आणखी एखादी भर घाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असले अपपाठ दूर करण्यासाठीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची धुरा वाहिली आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले, तोवर १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली होती.

इतक्या पोथ्यांतून कोणती कोणाची लेक आणि कोणती कोणाची बहीण, हे संशोधक ओळखतात कसे? सूत्र मोठे गमतीचे आहे. दोन पोथ्यांतला शुद्ध पाठ सारखा असला, तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. शुद्ध पाठ कोठेही सारखाच असावयाचा. पण दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चमत्कारिक चूक आढळली, आणि अशी एक नव्हे, दहा ठिकाणी आढळली, तर त्या पोथ्या एका घराण्यातल्या आहेत, हे मानावेच लागते. वंशावळ काढावयाची ती समान चुकांवरून. खरा पाठ मुका राहतो. साक्ष देते ती चूक.

आज वाचकांपुढे जी हकिकत मांडावयाची आहे, ती पोथ्यांची नाही, एका रोगाची आहे; परंतु तिची किल्ली हीच आहे. एड्स हा शब्द उच्चारला की अजूनही पुष्कळ घरांत आवाज खाली येतो. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यावर एवढेच उत्तर आहे की, ही हकिकत घरातल्या माणसांची आहे. नवरा-बायकोंमधल्या संशयाची आहे, आणि त्या संशयातून मनुष्याच्या बुद्धीने जी वाट काढली, तिची आहे.

* * *

१९८१ साली अमेरिकेत या रोगाची पहिली नोंद झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक मोंतान्ये यांच्या प्रयोगशाळेत त्याला कारण असणारा विषाणू हाती लागला. त्यालाच पुढे एच. आय. व्ही. हे नाव मिळाले. हा विषाणू म्हणजे मूर्तिमंत नकलकार आहे, आणि तोही अत्यंत बेफिकीर.

त्याची सारी पोथी अवघ्या सुमारे पावणेदहा हजार अक्षरांची. मुळाक्षरे चारच. मनुष्याच्या पेशीत शिरल्यावर तो आपल्या आर. एन. ए. वरून डी. एन. ए. ची नकल उतरवितो आणि ती पेशीच्या स्वतःच्या दप्तरात खोचून ठेवतो. मग ती पेशीच त्याच्या नव्या प्रती काढू लागते. आपल्या पेशी जेव्हा आपल्या डी. एन. ए. ची नकल करतात, तेव्हा पाठोपाठ चुका तपासून दुरुस्त करणारी व्यवस्था काम करीत असते. मासिकाच्या भाषेत बोलावयाचे, तर तेथे मुद्रितशोधक नेमलेला असतो. या विषाणूच्या छापखान्यात मुद्रितशोधक नाही. अदमासे तीस हजार अक्षरांमागे एक चूक व्हावयाची, म्हणजे साधारणतः तीन प्रतींतली एक प्रत चुकीची निघावयाची. आणि उपचार न घेतलेल्या रोग्याच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होत असतात!

याचा परिणाम असा की, लागण होऊन काही वर्षे लोटली म्हणजे एकाच माणसाच्या शरीरात विषाणूच्या एका नव्हे, असंख्य पाठांचा संग्रह साठतो. सगळे एका घराण्यातले, पण कोणतेही दोन तंतोतंत सारखे नाहीत. दुसऱ्या माणसाच्या शरीरातला संग्रह आणखी निराळा. मात्र जेव्हा एकाकडून दुसऱ्याला लागण होते, तेव्हा बहुधा त्या प्रचंड संग्रहातली एखादीच प्रत पलीकडे जाऊन मूळ धरते आणि तेथे नव्याने वंश वाढविते. म्हणजे, ज्याच्याकडून लागण झाली त्याच्या विषाणूचा वृक्ष मोठा, अनेक फांद्यांचा. आणि ज्याला लागण झाली त्याचा विषाणू त्या वृक्षाच्या एखाद्या फांदीवरची नवी डहाळी. लागण ताजी असताना दोघांच्या रक्तातली अक्षरे वाचून पाहिली, तर त्यांच्या चुका जुळतात. भांडारकर संस्थेतल्या मंडळींना हे सांगितले असते, तर त्यांना नवल वाटले नसते.

ही अक्षरे वाचण्याची विद्या फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७७ साली सुलभ केली, आणि एका थेंबातल्या सूक्ष्म अंशाच्या लाखो प्रती काढून त्या वाचण्याजोग्या करण्याची युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९८३ साली शोधली. विषाणू सापडला त्याच सुमारास त्याला वाचण्याची साधनेही तयार झाली, हा योगायोगच म्हणावयाचा.

* * *

आपल्या देशात हा रोग आहे, हे १९८६ साली मद्रासमध्ये सिद्ध झाले. त्या कामामागे डॉ. सुनीती सॉलोमन या विदुषी होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते रात्रीच्या गाडीने वेल्लोरला नेले. तेथील तपासणीत सहा नमुन्यांनी रंग बदलला. हा रोग परदेशचा, आपल्या संस्कृतीत त्याला थारा नाही, अशा समजुतीत असलेल्या देशाला तो मोठा धक्का होता. डॉ. सॉलोमन यांनी पुढे १९९३ साली आपल्या माहेरच्या गायतोंडे नावाने मद्रासमध्ये एड्सवरील उपचार व संशोधनाचे केंद्र काढले. २०१५ साली त्या निवर्तल्या.

इकडे पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली होती. (अलीकडे तिचे नाव बदलले आहे.) पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांची पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि तिचा वृत्तान्त १९९७ साली प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये लागण पुष्कळ आढळली, त्यात कोणाला नवल वाटले नाही. पण त्या व्यवसायाशी काडीचाही संबंध नसलेल्या ज्या ३९१ स्त्रिया होत्या, त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. त्या बहुतेक विवाहित, पतीखेरीज अन्य पुरुष न जाणणाऱ्या. रोग त्यांच्या घरी उंबरठा ओलांडून आला होता आणि आणणारा घरचाच होता.

आता अशा घरात काय घडे, ते आठवून पाहा. गर्भवती स्त्रिया सरकारी दवाखान्यात तपासणीला जातात. पुरुष जात नाहीत. साहजिकच पुष्कळ घरांत रोगाचा पत्ता प्रथम सुनेच्या रक्तात लागे. ज्याची तपासणी आधी, त्याचा दोष आधी! “हिनेच आणला,” हा निकाल सासरी तेथल्या तेथे लागे. नवरा वारला की पायगुणाचा डाग वर. माहेरी परत पाठविलेल्या, घराच्या व जमिनीच्या हिश्शाला मुकलेल्या अशा किती विधवा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या, हे त्या काळी या रोगाशी झगडणाऱ्या डॉक्टरांना व कार्यकर्त्यांना विचारावे.

वास्तविक, आधी सापडणे आणि आधी लागणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पण ‘कोणी कोणाला दिला?’ हा प्रश्न घराला सुटत नाही. विषाणूची अक्षरे वाचता येऊ लागली तेव्हा, या प्रश्नाचे उत्तर आता मिळणार, असे पुष्कळांना वाटले. आणि अक्षरांची ही साक्ष प्रथम गाजली, ती दोष ठरविण्यासाठीच.

* * *

१९९० साली अमेरिकेतल्या फ्लॉरिडा संस्थानातल्या एका तरुण स्त्रीच्या आजाराचे प्रकरण पुढे आले. तिच्या आयुष्यात या रोगाची शक्यता दिसेल असे काहीच नव्हते. केवळ, तिने ज्या दंतवैद्याकडून दात काढून घेतले होते, त्याला एड्स होता. शोध घेता त्याच्या आणखी सहा रोग्यांना लागण झाल्याचे आढळले. तेव्हा त्या सातजणांच्या, दंतवैद्याच्या, आणि त्याच भागातल्या इतर ३५ लागण झालेल्या माणसांच्या विषाणूंची अक्षरे वाचण्यात आली. हे ३५ परके लोक कशाला, असा प्रश्न येथे पडेल. पण खरी खुबी तेथेच आहे. एका गावचे नकलकार जशा एका वळणाच्या चुका करतात, तसा एका मुलुखातला विषाणू आपापसांत थोडाफार सारखा असतोच. तेव्हा नुसते सारखेपण पाहून भागत नाही. गावच्या सर्वसाधारण सारखेपणाहून हे सारखेपण अधिक आहे की नाही, ते पाहावे लागते. १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सातांपैकी पाचजणांचे विषाणू दंतवैद्याच्या विषाणूशी जुळले. दोघांचे जुळले नाहीत, आणि त्या दोघांना लागण होण्यास दुसरी कारणे होती. तथापि त्या दवाखान्यात लागण नेमकी कशी झाली, हे कधीच उलगडले नाही. अक्षरांनी नाते सांगितले. रीत सांगितली नाही.

दुसरे प्रकरण लुइझियाना संस्थानातले. एका स्त्रीने फिर्याद केली की, पूर्वी आपल्याशी प्रेमसंबंध असलेल्या एका डॉक्टराने १९९४ साली जीवनसत्त्वाची सुई म्हणून आपल्या अंगात रोग्याचे रक्त टोचले. तिचा विषाणू, त्या डॉक्टराच्या एका रोग्याचा विषाणू आणि त्या भागातल्या इतर रोग्यांचे विषाणू ताडून पाहिले गेले. तिच्या विषाणूची डहाळी त्या रोग्याच्याच वृक्षात उगवलेली दिसली. १९९८ साली डॉक्टर दोषी ठरला व त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेच्या फौजदारी न्यायालयात विषाणूच्या वंशावळीची साक्ष ग्राह्य धरली गेली, ती या खटल्यात प्रथमच. पण तेथेही ती एकटी उभी नव्हती. वह्या, नोंदी, माणसांच्या जबान्या तिच्या जोडीला होत्या.

तिसरे प्रकरण याच्या अगदी उलट. लिबियातल्या बेंगाझी शहरी मुलांच्या इस्पितळात चारशेंहून अधिक बालकांना लागण झाली. पाच बल्गेरियन परिचारिका व एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती मुद्दाम केली, असा आरोप ठेवून त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावण्यात आली. हे परदेशी लोक मार्च १९९८ मध्ये तेथे कामाला लागले होते. आता, विषाणूच्या चुका काहीशा ठराविक गतीने साठत जातात. म्हणून दोन प्रतींत किती फरक पडला आहे, यावरून त्यांचा समान पूर्वज किती जुना, याचा अदमास बांधता येतो. मुलांच्या विषाणूंवरून असा हिशेब केला, तेव्हा हा फैलाव त्या सहाजणांच्या येण्यापूर्वीच सुरू झालेला दिसला. डिसेंबर २००६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात न्यायालयाने देहान्ताची शिक्षा पुन्हा फर्मावली! पण जगभर ओरड झाली, वाटाघाटी झाल्या आणि जुलै २००७ मध्ये ती माणसे सुटून बल्गेरियात पोहोचली.

या तीन प्रकरणांतून या साक्षीचा स्वभाव ध्यानात येतो. दोन विषाणू जुळत नाहीत, असे जेव्हा ती म्हणते, तेव्हा तिचा शब्द फार वजनदार असतो. जुळतात, असे म्हणते तेव्हा मात्र सावध राहावे लागते. दोन पोथ्या जुळल्या म्हणून एक दुसरीवरूनच उतरली, असे ठरत नाही. दोन्ही एखाद्या तिसऱ्या, आज हरवलेल्या पोथीवरून उतरलेल्या असू शकतात, किंवा मध्ये आणखी एक प्रत असू शकते. तसेच येथे. दोघांना एका तिसऱ्याकडून लागण झालेली असू शकते, अथवा दोघांच्या मध्ये कोणी तिसरा असू शकतो. कोणाकडून कोणाकडे, ही दिशा ठरविणे तर त्याहून अवघड. २०१८ साली वीस नामांकित शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन जगभरच्या न्यायालयांसाठी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी हेच बजावले की, अक्षरांचा जुळारा आरोपाशी सुसंगत असू शकेल, पण तेवढ्यावरून आरोप निःसंशय सिद्ध होत नाही.

म्हणजे, घराला जो प्रश्न छळत होता, त्याच्याच बाबतीत ही विद्या अडखळत होती. मग तिचा उपयोग काय? उपयोग झाला, आणि तो इतका थोर झाला की, त्यापुढे खटल्यांची कथा फिकी पडावी. पण त्यासाठी प्रश्न बदलावा लागला.

* * *

१९९६ पासून या रोगावर प्रभावी संयुक्त औषधे मिळू लागली. ती विषाणूला समूळ उपटीत नाहीत. पण त्याची नकल करण्याची क्रिया बंद पाडतात. रक्तातला विषाणू इतका कमी होतो की, तपासणीत सापडूही नये. तेव्हा डॉक्टरांच्या मनात आले की, जो विषाणू रक्तात सापडत नाही, तो जोडीदाराला तरी कसा लागणार? रोग्याला दिलेले औषध हेच त्याच्या पत्नीचे किंवा पतीचे कवच ठरेल काय?

प्रश्न सरळ होता, पण उत्तर प्रयोगाने मिळवावयाचे होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डॉ. मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठी पाहणी आखली गेली. तिचे नाव ‘एचपीटीएन ०५२’. २००५ साली तिची पूर्वतयारी सुरू झाली. बोट्स्वाना, ब्राझील, भारत, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, थायलंड, अमेरिका व झिंबाब्वे अशा नऊ देशांतली १,७६३ जोडपी तिच्यात सहभागी झाली. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण झालेली, दुसरे माणूस निरोगी. भारतातली जोडपी पुण्याची आणि चेन्नईची होती. पुण्यात भोसरीच्या संस्थेने आणि चेन्नईत डॉ. सॉलोमन यांच्या केंद्राने हे काम अंगावर घेतले. ज्या दोन गावांनी या देशात रोगाचा माग काढला, तीच दोन गावे त्याच्या निवारणाच्या प्रयोगातही सामील झाली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

जोडप्यांचे दोन गट करण्यात आले. सीडी-४ नावाच्या रक्षक पेशींची संख्या पुष्कळ खाली गेली म्हणजे औषध सुरू करावयाचे, असा तेव्हाचा प्रघात होता. एका गटात तो पाळला. दुसऱ्या गटात प्रकृती ठीक असतानाच औषध लगेच चालू केले. दोन्ही गटांना सल्ला, निरोध, तपासण्या सारख्याच मिळत होत्या. निरोगी जोडीदाराची ठराविक काळाने रक्ततपासणी होई.

आता मेख अशी. निरोगी जोडीदाराला लागण झाली, म्हणजे ती आपल्या पतीकडून किंवा पत्नीकडूनच झाली, असे गृहीत धरता येते काय? आयुष्य हे कागदावरच्या आखणीप्रमाणे चालत नाही. लागण बाहेरून झालेली असेल, तर तिचे खापर औषधावर फुटेल आणि चांगले औषध नाहक वाया जाईल. विचारून खरे उत्तर मिळेलच, याचा भरवसा नाही. असे प्रश्न कोणाला विचारावे आणि कोणी खरे सांगावे? म्हणून माणसांना न छेडता विषाणूलाच विचारण्याचे ठरले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. सुझन एश्लमन यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या लागणीच्या वेळी दोघांच्याही विषाणूंची अक्षरे वाचली गेली आणि त्याच मुलुखातल्या इतर रोग्यांच्या विषाणूंशी ताडून पाहिली गेली. भारतात ही काळजी अधिकच लागते. कारण आपल्याकडे ‘क’ म्हणजे ‘सी’ या एकाच उपप्रकाराचा विषाणू बहुतांशी आढळतो आणि परक्या माणसांचे विषाणूही एकमेकांच्या तोंडावळ्याचे असतात.

एप्रिल २०११ मध्ये पाहणीवर देखरेख करणाऱ्या समितीने मधला हिशेब तपासला. तोवर एकंदर ३९ जोडीदारांना लागण झाली होती. त्यांतल्या ३५ उशिरा औषध घेणाऱ्या गटात आणि ४ लगेच औषध घेणाऱ्या गटात. हा फरकही मोठाच. पण अक्षरांची साक्ष काढली तेव्हा, जोडीदाराकडूनच झाल्याचे दिसणाऱ्या लागणी २८ निघाल्या. आणि त्या २८ पैकी २७ उशिराच्या गटात, केवळ १ लगेचच्या गटात! औषधाने जोडीदाराचा धोका ९६ टक्क्यांनी कमी केला होता. आणि ती जी एक लागण, तीही औषध सुरू होण्याच्या सुमाराची, म्हणजे विषाणू आटोक्यात येण्यापूर्वीची दिसली.

समितीने पाहणी पुरी होण्याची वाट पाहिली नाही. १२ मे २०११ रोजी निकाल जाहीर झाला आणि दुसऱ्या गटातल्या रोग्यांनाही औषध देऊ करण्यात आले. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या वर्षातला सर्वश्रेष्ठ शोध म्हणून त्याचा गौरव केला. २०१६ साली अखेरचा हिशेब प्रसिद्ध झाला. एकंदर ७८ लागणी. त्यांतल्या ७२ चा निर्णय लागू शकला. ४६ जोडीदाराकडून, २६ बाहेरून. त्या ४६ पैकी लगेचच्या गटात ३, उशिराच्या गटात ४३. औषधाने विषाणू पुरता दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण मिळाले नाही.

युरोपातल्या चौदा देशांत ‘पार्टनर’ नावाची अशीच पाहणी झाली. तिच्या २०१६ च्या वृत्तान्तात ८८८ जोडपी होती. ती औषधाखेरीज दुसरे संरक्षण वापरीत नव्हती. त्यांच्यात ११ नव्या लागणी झाल्या. वरवर पाहणाऱ्याने म्हटले असते, औषध अकरा वेळा फसले. पण अक्षरे वाचली, तेव्हा अकरांपैकी एकही लागण जोडीदाराच्या विषाणूशी जुळली नाही. औषध एकदाही फसले नव्हते. ‘ज्याचा विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून तो शरीरसंबंधातून लागत नाही’, हे जे वाक्य आज जगभरचे डॉक्टर निःशंकपणे उच्चारतात, त्याच्या पायाशी या अक्षरांची साक्ष आहे.

* * *

या शोधाचे फळ लवकरच हाती आले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, निदान झाल्याबरोबर प्रत्येकाला औषध द्यावे, अशी शिफारस केली. २०१७ साली भारत सरकारनेही तेच धोरण स्वीकारले. त्याच वर्षी या रोगाविषयीचा स्वतंत्र कायदा संसदेने संमत केला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून गुपित फोडणे नाही, नोकरी-घर-शिक्षण यांत भेदभाव नाही, असे तो सांगतो. जोडीदाराला कळविण्याचा अधिकार त्याने डॉक्टरांना दिला आहे खरा. पण कळविल्यामुळे मारहाण किंवा त्याग होण्याची रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर कळवू नये, हेही त्यात लिहिले आहे. “हिनेच आणला” या निकालाची किती घरांनी किती किंमत मोजली, हे ठाऊक असणाऱ्यांनीच ते कलम लिहिले असावे.

मला या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट मननीय वाटते. विद्या एकच, पण तिला दोन प्रश्न विचारले गेले. ‘अपराधी कोण?’ हा पहिला. त्याला तिने चाचपडत, अटी घालून उत्तर दिले, आणि कित्येकदा दिलेच नाही. ‘जोडीदार वाचेल कसा?’ हा दुसरा. त्याला तिने असे स्वच्छ उत्तर दिले की, लक्षावधी संसार त्यावर उभे राहिले. अमुक लागण पतीकडून झाली नाही, अमुक लागण औषध घेणाऱ्या पत्नीकडून झाली नाही, हे जेव्हा ती सांगत होती, तेव्हा ती वस्तुतः दोष काढून घेत होती. औषधावरचा आणि माणसांवरचाही. ज्या १,७६३ जोडप्यांनी आपले रक्त आणि आपल्या संसारातले सर्वांत नाजूक गुपित डॉक्टरांच्या हवाली केले, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, आणि नसावीत हेच योग्य. पण त्यांतली काही पुण्याची होती, आपल्यासारखीच फराळ करणारी, पाडव्याला ओवाळणारी. त्यांच्या ऋणात आज कितीतरी घरे आहेत.

एकाला हा रोग, दुसरे माणूस निरोगी, मुलेही निरोगी, अशी कुटुंबे आज आपल्या गावात, आपल्या आळीत असतील. रोज नेमाने गोळी घेऊन ती तुमच्या-आमच्यासारखाच संसार करीत असतील. त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठविताना हात आखडू नये, एवढे तरी या हकिकतीवरून घेता येईल.

जुन्या पोथीच्या शेवटी नकलकार वाचकाला एक विनंती करून ठेवीत असे. समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे आपण उतरले, तेव्हा चुकांचा दोष आपल्याला लावू नये, अशा अर्थाची ती असे. आपण पोथी मिटताना ती ओळ बहुधा न वाचताच पुढे जातो. चुकांवरून वंशावळ काढावी, जरूर काढावी. दोष मात्र काढू नये, हे त्या बिचाऱ्याने केव्हाच सांगून ठेवले आहे.